इंजिन थंड होईपर्यंत

रादोयित्साने बॉनेटवर तळहात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि लगेच उचलला.

"चल वहिनी. गरम आहे."

"ऊन पडलंय, भाऊजी," रोसांदा म्हणाली.

"उन्हाने एवढं तापत नाही. आपण यायच्या आधी म्हाताऱ्याने चालवून ठेवलीय. थंड असताना सुरूच होत नसणार."

गाडी लहानशी, निळी, मागचं दार वर उघडणारी. रोसांदाला ती फाटकातूनच आवडली होती. पण चेहऱ्यावर दाखवायचं नाही, असं दिराने वाटभर बजावलं होतं. सोमवारपासून तिला शहरातल्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कामावर जायचं होतं, आणि गावची बस बंद झाली होती. नवरा गेल्यापासून ती कुठेही जायची ती दिराच्या गाडीतून, दिराच्या सवडीने. तिने लायसन्स काढलं तेव्हा त्याने सगळ्या गल्लीला सांगितलं. मग बघितलेल्या प्रत्येक गाडीत खोट काढली.

"थंड होईपर्यंत थांबू," ती म्हणाली.

"थांबा ना," गाडीचा मालक विदोसाव म्हणाला. जाड भिंगांचा चष्मा, इस्त्रीचा सदरा. "मला कुठे जायचंय?"

रादोयित्साने खिशातून रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं आणि दारांवरून फिरवलं. सगळीकडे चिकटलं, मागच्या चाकाच्या वरच्या भागावर मात्र सुटलं. "इथे पत्रा नाही. ठोकर लपवायला लांबी भरलीय."

"गाय," विदोसाव म्हणाला. "मी थांबलो होतो. ती थांबली नाही."

रादोयित्साने तेलाचं झाकण उघडून आत पांढरा फेस आहे का ते पाहिलं. नव्हता. ब्रेकच्या पायपट्टीचं रबर किती झिजलंय ते मीटरच्या आकड्याशी ताडून पाहिलं. जुळलं. डिकीतला गालिचा उचलून खाली बोटं दाबली, बोटांचा वास घेतला. "कोरडं आहे," तो म्हणाला, जरा नाराजीनेच.

"थंडीत लगेच सुरू होते का हो, काका?" रोसांदाने विचारलं.

"त्यांना काय विचारतेस? गाडीलाच विचारायचं. थंड झाल्यावर."

मग घरात जाणं आलंच. विदोसावने बशीतून पाकातल्या चेरी आणल्या, चमचे, पाण्याचे पेले, कॉफी. आणि कपाटातून बाटली.

"नको. गाडी चालवायचीय," रादोयित्सा म्हणाला.

"माझ्याच झाडांच्या आलुबुखाऱ्यांची आहे. माझ्या घरातून माणूस कोरडा गेला तर शेजारी काय म्हणतील?"

रादोयित्साने बाटली उजेडात धरली, हलवली, गळ्याशी जमलेले बुडबुडे किती टिकतात ते बघितलं. ग्लास हुंगला. घोट तोंडात घोळवला. एवढं तर त्याने इंजिनही तपासलं नव्हतं. इथे मात्र खोट सापडेना.

रोसांदाने आपला ग्लास न पिता तसाच बाजूला सरकवला. कुणाचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या ग्लासानंतर विदोसाव म्हणाला, "गरम आहे ती माझ्यामुळेच. सकाळी मोरावा नदीपर्यंत नेऊन आणली. शेवटची. डॉक्टरांनी चालवणं बंद केलंय माझं. समोरचं जवळचं तेवढं दिसतं, कडेचं दिसत नाही."

"सगळे असंच काहीतरी सांगतात," रादोयित्सा म्हणाला, पण ग्लास पुढे करत.

अंगणात सावली आली तेव्हा बॉनेट गार पडलं होतं. रादोयित्साने किल्लीसाठी हात पुढे केला आणि तो हात तसाच राहिला. त्याने स्वतःचा श्वास तळव्यात सोडून हुंगला.

"पुलाजवळ पोलीस असतात," तो म्हणाला. "पुढच्या शनिवारी येऊ, वहिनी."

"परवा माझं काम सुरू होतंय. किल्ली द्या, काका."

"अगं, शिकवणारा शेजारी नसताना तू कधी चालवलीयस का?"

"नाही. बसा."

पहिल्याच फिरकीला इंजिन सुरू झालं. गावाला वळसा घालून परत येईपर्यंत रादोयित्सा प्रत्येक वळणावर उजवा पाय गाडीच्या तळात रोवत होता, जणू तिथेही ब्रेक होता. रोसांदा उतरली तेव्हा तिच्या पाठीला ब्लाउज चिकटला होता.

"ब्रेक दाबला की डावीकडे ओढते," ती म्हणाली. "थोडीशीच. बाकी छान आहे."

"ओढते," विदोसाव म्हणाला. "तेवढं दुरुस्त करून घे."

"मग आधी सांगितलं का नाही?" रादोयित्सा तडकला.

"तुम्ही एवढे मनापासून शोधत होतात. म्हटलं, काहीतरी सापडू दे बिचाऱ्याला."

रोसांदा हसली. त्या दिवशी पहिल्यांदा. सौदा हातात हात देऊन झाला. रादोयित्साने अंगणात उभ्या आपल्या गाडीकडे पाहिलं.

"राहू दे इथेच," म्हातारा म्हणाला. "नाही विकत तिला."

"वहिनी, उद्या मला इथे आणून सोडशील?" पट्टा लावता लावता त्याने विचारलं. हे विचारायची सवय नसल्यामुळे आवाज बारीक निघाला.

"सोडेन की, भाऊजी."

गाडी फाटकाबाहेर पडली तसा विदोसाव तांब्या घेऊन रस्त्यावर आला आणि चाकांच्या मागे पाणी ओतलं, तिची वाट पाण्यासारखी सरळ वाहावी म्हणून. निळा ठिपका त्याला वळणापर्यंतही दिसला नाही. तो कान देऊन उभा राहिला. चढावर इंजिन ओरडू लागलं.

"तिसरा गिअर टाक, पोरी," तो पुटपुटला. रिकामा हात मांडीशेजारी आपोआप पुढे सरकला. "टाक तिसरा."

चढावरचा आवाज क्षणभर तुटला आणि मग खाली, खोल, निवांत झाला.