चष्मा सापडला
बाबा हल्ली सगळं विसरतात, यावर घरात एकमत होतं. रोज त्यांचा चष्मा हरवायचा, रोज कुत्राच शोधून आणायचा आणि बिस्किट वसूल करायचा. शेवटी लेकानं मन घट्ट करून वृद्धाश्रमाचा फॉर्म आणला, पण तो दारातच थिजला. बाबा खुर्चीत घोरत होते. कुत्र्यानं त्यांच्या छातीवरचा चष्मा अलगद दातांत धरला, नेऊन लेकाच्याच जुन्या बुटात लपवला. मग साळसूदपणे बिस्किटांच्या डब्यापाशी बसून तो एकदाच भुंकला. बाबा दचकून जागे झाले. त्यांनी छाती चाचपली, खुर्ची चाचपली आणि दारातल्या लेकाकडे बघून ओशाळं हसले. “बघ, पुन्हा कुठेतरी ठेवून विसरलो. तुझंच खरं. आण तो कागद, करतो सही.” मग ते कुत्र्याकडे वळले. “पण चष्म्याशिवाय दिसणार कसं? जा बाळा, शोध!” कुत्रा शेपूट हलवत थेट बुटाकडे निघाला.