मागची पायडलं

“पाय टेकले का गं, लवंगी?”

“टेकले. दोन्ही.”

मिस्त्रीकाकूंनी आपल्या सायकलदुरुस्तीच्या दुकानात पाना खाली ठेवला आणि फडक्याला हात पुसले. दोघांनी पुढे-मागे बसून चालवायची ती जोडसायकल मोठ्या माणसांच्या मापाची. मागच्या सीटवर बसलं की नऊ वर्षांच्या लवंगीचे पाय पायडलांच्या वीतभर वरच लोंबकळायचे. म्हणून काकूंनी सीटखालच्या दांड्यावर उंचावर एक छोटा आस बसवला, त्याला क्रँकचे आखूड दांडे आणि छोटी पायडलं लावली, आणि तिथून एक चेन खालच्या जुन्या आसाला जोडली. दोन दिवस गेले होते त्यात.

लवंगीला दिसत नव्हतं. एकटीने चालवायची सायकल तिला मिळणार नव्हती. बाबांच्या मागची ही अर्धी मिळणार होती. उद्यापासून शाळेची रिक्षा बंद, असं बापलेकीचं ठरलं होतं.

बाबांनी पुढचं हँडल धरलं आणि दोघं वळणापर्यंत जाऊन आली. येताना बाबांचा आवाज लांबूनच ऐकू येत होता. “शाबास गं माझी राणी. काय जोर लावते आहेस. मला पाय हलवायचंसुद्धा काम नाही.”

दुकानासमोर सायकल थांबली. लवंगी उतरली आणि सीटला धरून उभी राहिली.

“काकू, ही मी नाही चालवत.”

“मग कोण चालवतंय?”

“बाबा. वळणापासून इथपर्यंत मी जोर लावलाच नाही. मुद्दाम. पाय तरी आपले फिरतच होते. आणि बाबांचं शाबास, शाबास चालू.”

बाबांनी घसा खाकरला. “अगं, पहिलाच दिवस. थोडं मी, थोडं तू.”

“थोडंसुद्धा नाही. माझ्या जागी पोतं ठेवा आणि त्याचं कौतुक करा. मी आपली रिक्षाने जाईन. रिक्षावाले काका तरी मला उगीच शाबास म्हणत नाहीत.”

बाबांनी काकूंना टायरांच्या ढिगाकडे नेलं आणि हळू आवाजात म्हणाले, “राहू द्या ना असंच. काहीतरी घट्ट केलं म्हणून सांगा. तिला कुठे दिसणार आहे?”

“कान आहेत तिला,” काकू म्हणाल्या. आवाज त्यांनी मुळीच कमी केला नाही.

काकूंचा एक नेम होता. सकाळी हात जोडल्याशिवाय त्या पान्याला शिवत नसत, आणि आपल्या हातची चूक कळली की ती सुधारेपर्यंत पाणी पीत नसत. टेबलावर भरलेला पेला होता. तो त्यांनी बाजूला सरकवला आणि सायकलजवळ बैठक मारली.

“चूक माझी आहे, लवंगी. पोर दमेल, पाय लोंबतील, म्हणून मी तुझी चेन खाली जाम बसवली. बाबांचे पाय फिरले की तुझे आपोआप फिरणार. मायेपोटी केलं, पण चुकलंच.”

“मग आता?”

“आता खाली फ्रीव्हील घालते. तू थांबलीस की तुझे पाय थांबतील. बाबा कितीही पायडल मारोत, त्यांना तुझे पाय फिरवता येणार नाहीत. तू जोर लावलास तर मात्र त्यांची पायडलं फिरतील.”

“आणि तिच्याने नाही झालं तर?” बाबांनी विचारलं.

“तर ती तसं सांगेल. तोंड आहे तिला. आत्ताच ऐकलं आपण.”

लवंगी खुदकन हसली आणि काकूंशेजारी बसली. काकू मागतील तो पाना ती पेटीतून चाचपून काढून देत होती. चौदाचा मागितल्यावर तिने पंधराचा एकदाही दिला नाही. बाबा दाराशी उभे राहून नखं कुरतडत होते.

काम झाल्यावर काकूंनी पायडल मागे फिरवलं. फ्रीव्हील किटकिटलं. पुढे फिरवलं, आणि चाक गुपचूप फिरलं.

“निघा. आणि तुम्हाला एक अट आहे, लवंगीचे बाबा. वाटेत शाबास म्हणायचं नाही.”

जाताना ती किटकिट ऐकू येत राहिली. लवंगीचे पाय मागे पडत होते. मग आवाज तुटक झाला. मधेच गप्प, मधेच पुन्हा चार-दोन किटकिट. वळण येईपर्यंत तो पार थांबला. काकूंनी डोळ्यांवर हाताची सावली धरून वळणाकडे पाहिलं.

सायकल परत येत होती, बरीच हळू. बाबा हँडल धरून ताठ बसले होते. त्यांनी दोन्ही पाय बाजूला फाकवून वर उचलले होते, आणि त्यांच्याखाली पुढची पायडलं रिकामीच फिरत होती.

“बाबा, एकदम जड झालं.”

बाबांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

“पाय काढलेत ना तुम्ही?”

“हो. ठेवू परत?”

सायकल जराशी डुलली आणि पुन्हा सरळ झाली.

“राहू द्या वरच,” लवंगी धापा टाकत म्हणाली. “काकूंच्या दारापर्यंत मी आणते तुम्हाला.”