कवटीचा रुमाल

अकोल्याची एसटी अकोटच्या स्टँडवर लागली आणि खिडकीतून रुमाल आत पडला. काळा, त्यावर पांढरी कवटी. रोजच्यासारखा तिसऱ्या रांगेत, तिघांच्या बाकावर.

आज दीपमालासोबत तिचे बाबा होते, उत्तमराव. रात्रीपासून तिचा फोनही त्यांच्याच खिशात होता, त्यामुळे रुमाल टाकणाऱ्या सागरला सांगायची सोय नव्हती. भावकीतल्या केशवरावांनी घरी येऊन सांगितलं होतं, तुमच्या पोरीसाठी एक पोट्टा रोज जागा धरते. खरं निघालं तर कॉलेज बंद, असं उत्तमराव जेवता जेवता म्हणाले होते. ते बोलले की झालंच, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

उत्तमराव गर्दीतून आत शिरले. त्यांनी तो रुमाल दोन बोटांत धरून उचलला.

"कोनाचा हाय हा?"

कोणाचा ते अख्ख्या गाडीला माहीत होतं. एसटीत ज्याचा रुमाल त्याची जागा, आणि मागच्याच महिन्यात याच रुमालावर बसलेल्या एकाचं नाक सागरनं फोडलं होतं. कॉलेजातून त्याला दोनदा काढून झालं होतं. आता तो दारात दांडा धरून उभा होता. त्यानं आधी उत्तमरावांकडे पाहिलं, मग त्यांच्या मागे उभ्या दीपमालाकडे. तिचा चेहरा पाहून काय ते समजला.

"बेवारस हाय, काका," तो म्हणाला. "फेका बाहेर."

सागरनं जागा सोडली, हे गाडीतल्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. उत्तमरावांचा हात खिडकीकडे गेला.

"बाबा, फेकू नका. माहा हाय."

उत्तमराव वळले. "तुहा?"

"हो."

"हा कवटीचा?"

"हो."

या पोरीला खोटं बोलताना त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. आत्ताही ती खोटं बोलते आहे, असं त्यांना वाटेना. त्यांनी रुमाल तिच्या हातात दिला आणि खिडकीशी बसले. ती मधे बसली. रुमालाची नीट घडी घालून तिनं तो कडेच्या जागेवर ठेवला.

गाडी निघाली. कापसाचं जिनिंग मागं पडलं, कपाशीची रानं लागली. उत्तमराव बाहेर बघत होते.

"तो बसते कुठं?"

"बसत नाही. दारात उभा राह्यते."

"अकोल्यापर्यंत?"

"हो."

"काहून?"

"जवळ बसलो त लोक तुले नावं ठेवतीन, म्हने."

दीपमाला आता कॉलेजचं काय ते ऐकायची वाट पाहत होती. मांडीवरची पर्स तिनं घट्ट धरली होती. तिला भीती वाटत होती आणि बोलून टाकल्याचं बरंही वाटत होतं. दारात सागर पाठ करून उभा होता. भर चौकात कोणाच्याही अंगावर जाणाऱ्या त्या पोराची मागं वळून बघायची छाती होत नव्हती.

पुढच्या थांब्यावर बरीच माणसं चढली. एक धोतरवाले गृहस्थ बाकाशी येऊन उभे राहिले. घडीकडे बोट दाखवून म्हणाले, "हे जागा खाली हाय का, भाऊ?"

दीपमालानं मान खाली घातली.

उत्तमराव उठले. त्यांनी आपली खिडकीची जागा त्या गृहस्थांना दिली आणि स्वतः वरचा दांडा धरून उभे राहिले.

"तुमी इथं बसा," ते म्हणाले. "त्या जागेवर रुमाल हाय."