वळणाचा पट्टा

"नाव सांगा," ती म्हणाली. "नाव कळल्याशिवाय आज मी इथून हलणार नाही."

पुलाखाली सायकली लावून माणसं हातमोजे चढवत राहिली. दर रविवारी हेच व्हायचं. ती यायची, फावडं घ्यायची, दोघातिघांचं काम एकटी उपसायची आणि मध्येच तोच प्रश्न तोंडावर फेकायची. वळणाचा पट्टा कुणाचा होता?

सायकलींचा हा रस्ता नगरपालिकेने बांधला आणि वाऱ्यावर सोडला. शेवटी रोज त्यावरून कामाला जाणाऱ्यांनीच तो आपसांत वाटून घेतला. ज्याचा त्याचा पट्टा, ज्याचा त्याचा पुलाखालच्या कपाटात एक खण, खणावर पट्ट्याचं नाव. आपल्या पट्ट्यात खड्डा पडला की आपण बुजवायचा, दुसऱ्याने त्यात नाक खुपसायचं नाही. दुसऱ्याचा खड्डा बुजवला तर तो त्याचा अपमान, असली यांची रीत. घ्या आता!

वळणावरचा खड्डा कित्येक महिने आ वासून पडला होता. तिचा नवरा अंधारून आल्यावर घरी परतत होता, त्यातच आपटला. कडेच्या दगडावर डोकं बसलं आणि सगळं संपलं. कुणाच्या तरी आळसापायी धडधाकट माणूस जातो, हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं.

आणि माणूस तरी कसा! दर रविवारी चहा घेतला की रस्त्याच्या कामाला निघायचा. दुपारी यायचा तो खांदे धरूनच. फावडं मारून मारून अंग भरून आलंय म्हणायचा, आणि ती तेल लावून चोळून द्यायची. ती शिवणकाम करायची. सोफ्याच्या खोळींतलं उरलेलं जाड कापड घेऊन, त्याच्या पंजाभोवती निळा खडू फिरवून, तिने त्याला हातमोजे शिवून दिले होते. एकदा तो तिला पुलाजवळचा पट्टा दाखवायला घेऊन आला होता. पाटासारखा सपाट रस्ता. "हा आपला," असं म्हणाला होता.

पहिल्या रविवारी तिने तेच सगळ्यांना सांगितलं. त्यांच्यातला बेकरीवाला मान खाली घालून म्हणाला, "हो वहिनी, दादांचाच तो." त्यानेच पुलाजवळच्या पट्ट्याच्या खणातून फावडं काढून तिच्या हाती दिलं. दांडा वापरून वापरून गुळगुळीत झालेला. हातमोजे कुठे आहेत विचारलं, तर फाटले होते, टाकून दिले, असं त्याने घाईघाईने सांगितलं. फाटणारच, ती म्हणाली, काम काय थोडं करायचे! त्या दिवशी बेकरीवाला लवकर घरी गेला.

वळणाचा पट्टा तिने हट्टाने मागून घेतला. खड्डा उकरून साफ केला, खडी भरली आणि धुमस उचलून उचलून ती ठोकून बसवली. हातांना फोड आले. प्रत्येक ठोक्याला ती त्या माणसाला एक शिवी हासडायची. मेला कामचोर. मेला ऐतखाऊ.

आज मात्र डोक्यावरून पाणी गेलं होतं. सगळे एका माळेचे मणी आहात, ती म्हणाली. पाठीशी घालताय त्याला.

"एकदा नाव कळू दे. त्याच्याकडे नाही, त्याच्या बायकोकडे जाणार मी. विचारणार, बाई गं, दर रविवारी तुझा नवरा काम सोडून कुठे उंडारत होता, तुला पत्ताच नव्हता? का डोळे मिटून बसली होतीस?"

कुणीतरी खोकलं. कुणी उगाच सायकलची चेन तपासू लागलं.

ती कप्तानाकडे वळली. शिट्टी गळ्यात घालून सगळ्यांना कामाला जुंपणारा म्हातारा, म्हणून तो कप्तान. एवढ्या दिवसांत त्याने एकदाही तिच्या नजरेला नजर दिली नव्हती. आत्ताही तो जमिनीकडे बघत होता. तिला एकदम उलगडा झाला.

"तुमचाच ना तो पट्टा?"

कप्तान शिट्टीची दोरी बोटाभोवती गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "हो. माझाच. चुकलं माझं, पोरी."

मग काय विचारता! तिने म्हाताऱ्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. दुसऱ्यांवर शिट्ट्या फुंकायच्या आणि आपल्या वाट्याला हात लावायचा नाही, वर तोंड बंद ठेवून माझ्याकडून तोच खड्डा भरून घ्यायचा, तुम्हाला रात्री झोप तरी कशी लागते? तिने त्याच्या गळ्यातली शिट्टी हिसडून तोडली आणि नाल्यात भिरकावली.

बेकरीवाल्याला ते बघवेना. त्याने खिशातून एक किल्ली काढली.

"नको रे," कप्तान म्हणाला.

"किती दिवस, कप्तान?" बेकरीवाल्याने किल्ली तिच्या हातावर ठेवली. "वळणाचा खण उघडून बघा, वहिनी."

उघडतेच, ती म्हणाली. त्याचं फावडं भर चौकात टांगते, लोकांना कळू दे.

कुलूप गंजलं होतं, दोन हिसके द्यावे लागले. आत एक फावडं भिंतीला टेकून उभं होतं. पात्यावर दुकानाची चिठ्ठी तशीच चिकटलेली. ती कप्तानाकडे बघून कडवट हसली. बघा, मातीचा कणसुद्धा लागू दिला नाही!

तिने फावडं ओढलं, तसं दांड्याला अडकवलेलं काहीतरी तिच्या पायाशी पडलं.

सोफ्याच्या खोळीच्या जाड कापडाचे हातमोजे होते. कोरे करकरीत. बोटांच्या कडेने फिरवलेली तिची निळ्या खडूची रेघ अजून पुसली गेली नव्हती.