बसमधली जागा

चष्म्याच्या दुकानात काम करणारी ती रोज बसने जायची. आत शिरली की कुणीतरी हमखास तिच्या पोटाकडे बघून उठायचं, "बसा हो, अशा दिवसांत उभं राहू नये." दिवसबिवस काही नव्हते. तिला पीसीओएस होता. पाळी चार-चार महिने तोंड दाखवायची नाही आणि वजन मात्र न बोलावता येऊन पोटावर ठाण मांडून बसलं होतं. मूल तर जीव तोडून हवं होतं. ती "थँक्यू" म्हणून बसायची आणि खिडकीकडे तोंड करून गुपचूप डोळे पुसायची.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं, "अगं, हा तुझा आळस नाही, हार्मोन्सचा गोंधळ आहे. त्याला वळण लावता येतं." मग गोळ्या, वेळेवर जेवण, गोडाला रामराम आणि कुरकुरत्या नवऱ्याला ओढत नेऊन रोजचं भरभर चालणं, असं वर्षभर चाललं. पाळी शहाण्यासारखी वेळेवर यायला लागली, पोट उतरलं आणि बसमध्ये तिच्यासाठी कुणी उठेनासं झालं.

आज कशीबशी जागा मिळाली, तर बाजूला पिशवी सांभाळत उभे असलेले एक काका फणकारले, "तुमच्यासारख्या धडधाकट बाईनं खरं तर उठायला हवं. एकटीनं जागा अडवून बसलात!"



तिचा चेहरा असा काही खुलला की काकाच गोंधळले. "तिसरा महिना लागलाय हो काका," ती म्हणाली, "एकटी कुठे, आम्ही दोघं बसलोय!"