घट्ट बसलेले नट

द्वारका चौकातल्या दुकानात हर्षलानं हवेच्या जोरावर नट सोडवणाऱ्या चार-चार एअर गन हातात तोलून पाहिल्या आणि सगळ्यात ताकदवान होती ती उचलली. बाबा गेल्यापासून गॅरेज ती आणि आई मिळून चालवत होत्या, पण बाबांच्या पान्याला दोघींचा जोर काही पुरत नव्हता.

गॅरेजवर चांदवडचा टेम्पो सकाळपासून अडकून पडला होता. पान्यावर उभं राहूनही न हललेले त्याच्या चाकाचे नट नव्या गननं टर्रर्र करत भराभर सोडले!

"आई, बघितलंस? आता कुण्णाची गरज नाही आपल्याला!"

आईनं खाली पडलेला एक नट उचलून मुठीत घट्ट धरला.



"तुझ्या बाबांच्या हातानं आवळलेलं एवढंच राहिलं होतं गं, हर्षू."