येतो हं

१९८७ साली आम्ही नवराबायको जर्मनीत मोझेल नदीकाठच्या द्राक्षमळ्यांत वाईन चाखत हिंडलो. एका थंडगार तळघरात म्हातारी एल्झा पिंपांतून घोट घोट चाखवत होती.

निघताना ह्यांनी तिच्या दिवंगत नवऱ्याने भरलेल्या शेवटच्या पिंपावर थाप मारली. "येतो हं, आजोबा!"

"काय म्हणाले?" एल्झाने विचारलं. मी इंग्रजीत शब्दशः सांगितलं, 'मी येतो.'

तिचा चेहरा उतरला. "शब्द मागे घ्यायला सांगा. माझा नवरा वाट बघत बसेल."

"अहो, 'जातो' म्हणा," मी विनवलं.

"असलं अभद्र बोलतात का, कुमुद?" हे हसले.

तोच पिंपाच्या आतून थाप आली.

एल्झा तळघर विकून मुलीकडे गेली. हे पुढच्याच मे महिन्यात, नाशिकला, थंडीने कुडकुडत गेले. मी कुणाकडूनही निघताना काहीच म्हणत नाही.